त्या काडतुसाची जागा : पाण्यात उतरणाऱ्या मराठी दोस्तांना खुलं पत्र

प्रति,
मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ल्याचे डायव्हिंगवाले. पुण्या-मुंबईचे स्कूबा क्लब. आणि चार दिवस रजा मिळाली की बॅगेत फिन्स कोंबून निघणारे तुम्ही सगळे

दोस्तहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एक फोटो आला होता. तळहातावर हिरवट पडलेलं पितळी काडतूस, मधल्या बोटापेक्षा लांब, तोंडाशी चुन्यासारखा पांढरा थर. खाली ओळ : 'महायुद्धाचा प्रसाद'. एकसष्ट जणांनी अंगठा दाखवला. दोघं म्हणाले, मला पण आण. एकानं भाव विचारला. अंगठेवाल्यांत मीही होतो.

ज्याचा तो तळहात, त्याचं नाव घेत नाही. बेटाचंही नाही, आणि आम्हाला घेऊन गेलेल्या डायव्हिंगच्या दुकानाचंही नाही, कारण वाटणी करायला बसलो तर मोठा वाटा माझ्याच पदरात पडतो. फोटो मी काढला होता. त्या डाइव्हला त्याचा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, मीच होतो.

झालं ते सांगतो. एकतीस मीटरवर एक बॉम्बफेकी विमान पडलेलं आहे. चार इंजिनांपैकी दोन जागेवर, एक पंख वाळूत अर्धा पुरलेला, नाकाकडच्या भागाचा नुसता सांगाडा. पंखाच्या मुळाशी माझा मित्र गुडघ्यांवर टेकला आणि राखेखाली विस्तव आहे का बघावं तसा हातानं वाळूवर वारा घालू लागला. धुरळा उठला, बसला, आणि पितळ चमकलं. त्यानं ते उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. पाण्याखाली आपली भाषा केवढी? वर चल, हवा किती, तिकडे बघ, ठीक आहे. मी 'ठीक आहे'ची खूण केली. मग कॅमेरा काढला.

वर आल्यावर होडीत अननस कापलेलं होतं. ते खाताना कॅमेऱ्यांच्या लेन्सवर गप्पा झाल्या, हवा कुणाला जास्त पुरली यावर झाल्या. विमानात माणसं किती होती, त्यांचं पुढे काय झालं, हे आम्हा सातांपैकी कुणीच विचारलं नाही. उतरण्यापूर्वीच्या ब्रीफिंगमध्ये खोली होती, प्रवाहाची दिशा होती, लायनफिश या विषारी माशापासून हात लांब ठेवा हेही होतं. माणसं नव्हती.

घरी आल्यावर लॉगबुक, म्हणजे डाइव्हची नोंदवही, भरायला बसलो. विमानाचा प्रकार नीट लिहावा म्हणून शोधायला लागलो, आणि शोधता शोधता दुसऱ्याच एका विमानापाशी जाऊन अडकलो. ते आमच्या बेटावरचं नव्हे. पण तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

त्या विमानाचं नाव 'हेवन कॅन वेट'. स्वर्गाला म्हणावं, थांब जरा. बी-२४ लिबरेटर जातीचं अमेरिकी बॉम्बर, आत अकरा जण. ११ मार्च १९४४ रोजी पापुआ न्यू गिनीच्या हान्सा उपसागरावर जपान्यांच्या विमानविरोधी तोफांनी त्याला टिपलं. सोबतच्या विमानांतल्यांनी ज्वाळा पाहिल्या, विमान कलंडून पाण्यात जाताना पाहिलं. घिरट्या घातल्या, पण वर कुणी आलं नाही. युद्धानंतर शोधपथकं त्या भागात फिरली, हाती काही लागलं नाही, आणि कागदावर शिक्का बसला : 'अवशेष परत मिळणे शक्य नाही'.

सत्तर वर्षांनी त्यातल्या बॉम्बार्डियरच्या, म्हणजे नेम धरून बॉम्ब सोडणाऱ्या थॉमस केलीच्या, नात्यातली माणसं कामाला लागली. त्यांतला एक राज्यशास्त्राचा प्राध्यापक. जुनी पत्रं, मोहिमेचे अहवाल, साक्षीदार वैमानिकांच्या डायऱ्या असं जमवत त्यांनी विमान कुठे पडलं असावं याचा अंदाज बांधला. तो अंदाज घेऊन 'प्रोजेक्ट रिकव्हर' या संस्थेची मंडळी ऑक्टोबर २०१७ मध्ये हान्सा उपसागरात उतरली. अकरा दिवस आणि सुमारे सत्तावीस चौरस किलोमीटर समुद्रतळ सोनारनं विंचरून काढल्यावर विमान सापडलं, दोनशे फुटांहून खोल. आपण मौजेसाठी जातो त्याच्या शेवटच्या मर्यादेपलीकडे, आणि बरंच पलीकडे. २०२३ मध्ये अमेरिकी नौदलाचे डायव्हर दाबबंद बेलमध्ये, म्हणजे आत दाब राखलेल्या बंद खोलीत, बसून तिथवर गेले आणि अनेक आठवडे तळ उपसत राहिले.

त्यांना काय मिळालं ते नीट वाचा. हाडांचे तुकडे मिळाले. केलीची अंगठी मिळाली. तिचा खडा गेला होता, पण 'बॉम्बार्डियर' हा शब्द अजून वाचता येत होता. वैमानिक हर्बर्ट टेनिसन याच्या गळ्यातला ओळखीचा पत्रा मिळाला, पार खाल्लेला. त्यावर त्याच्या बायकोचं नाव नि पत्ता, कारण त्या काळच्या पत्र्यांवर 'कुणाला कळवायचं' तेही ठोकलेलं असे. टेनिसन चोवीस वर्षांचा होता. ती बाई शहाण्णव वर्षांची होऊन गेली, दुसरं लग्न न करता. पुढे डीएनए जुळवून चौघांची ओळख पटली : केली, टेनिसन, डोनाल्ड शेपिक, यूजीन डॅरिगन. अकरांपैकी चार.

आता माझ्या मित्राच्या हाताच्या वाऱ्याकडे परत येतो.

असलं काम चालतं कसं, हे मला ठाऊक नव्हतं. तळावर दोऱ्यांनी चौकोन आखतात, शेतात वाफे पाडावेत तसे. प्रत्येक चौकोनाला क्रमांक. गाळ नळीनं शोषून जाळीच्या टोपलीत घेतात, टोपलीला चौकोनाचा क्रमांक बांधतात, आणि वर बोटीवर चाळणीतून धुऊन बोटाच्या पेराएवढा तुकडासुद्धा वेगळा काढतात. सगळा खटाटोप एका प्रश्नासाठी : काय, कुठे पडलं होतं? बॉम्बरमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली असते. वैमानिक पुढे डावीकडे, बॉम्बार्डियर नाकात, रेडिओवाला त्यांच्या मागे, मधल्या खिडक्यांशी दोन बंदूकवाले, अगदी शेपटात एकटा तोफची. पाण्यावर आदळताना विमान मोडतं, लोटलं जातं, पण म्हणून सगळा गोंधळ होत नाही. शेपटाच्या चौकोनात मिळालेलं हाड बहुधा शेपटातल्याचंच, इतपत धागा त्यातून लागतो. कधी कधी तेवढाच लागतो.

अर्ध्या इंची मशीनगनचं काडतूस पंखाच्या मुळाशी का पडलं होतं? ते मधल्या खिडकीतल्या बंदुकीचं होतं का? झाडलेलं की न झाडलेलं? झाडलेलं असेल, तर कदाचित शेवटच्या मिनिटाला तिथे एक माणूस जिवंत होता आणि लढत होता. आम्ही ते उचललं. त्यासरशी विमानाच्या कुशीतून एक वाक्य खोडलं गेलं, आणि ते कुठलं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. (आणि न झाडलेलं असेल तर ते बॅगेत घालून दोन विमानतळ पार केलेला माझा मित्र फारच नशीबवान आहे. हेही त्याला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.)

कुणी म्हणेल, एका काडतुसानं काय होतं? हॉलंडमधली हकिगत ऐका. २००८ मध्ये तिथल्या मार्करमीर सरोवरात एका बोटीच्या नांगराला विमानाच्या चाकांच्या सांगाड्याचा तुकडा लागून आला. तो ब्रिटिश स्टर्लिंग बॉम्बरचा होता, हे लगेच कळलं. कुठल्या स्टर्लिंगचा, हे कळायला वर्षं गेली. आधी बीके ७१० हा क्रमांक धरला होता, म्हणजे निराळ्याच घरांना निरोप गेला असता. नंतर अवशेष नीट तपासल्यावर ते बीके ७१६ निघालं, २९ मार्च १९४३ च्या रात्री बर्लिनवर गेलेलं आणि परतताना जर्मन रात्र-लढाऊ विमानानं पाडलेलं. २०२० मध्ये डच सरकारनं गाळ उपसून, चाळून ते बाहेर काढलं. तेव्हा आत सिगारेटची एक चपटी डबी सापडली, तिच्यावर सातांपैकी एकाच्या नावाची आद्याक्षरं. ओळख पक्की व्हायला ती कामी आली.

खिशात मावणारी डबी. आपल्यापैकी कुणी तिथे पोचला असता तर पहिली तीच उचलली असती, खरं सांगा.

त्या सातांची नावं तोवर लंडनजवळ रनीमीडच्या स्मारकाच्या भिंतींवर होती. कबर नसलेल्या वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावं तिथे कोरली आहेत. अमेरिकेचे दुसऱ्या महायुद्धातले सुमारे बहात्तर हजार जण अजून 'बेपत्ता' आहेत, आणि त्यांच्या तेव्हापासूनच्या सगळ्या युद्धांतले मिळून एक्केचाळीस हजारांवर समुद्रात गेलेत असं धरलं जातं. हे सगळे आपल्याला कधी भेटणार, असं वाटत असेल तर ते चूक आहे. क्रोएशियात विस बेटाजवळ 'टल्सामेरिकन' नावाचं लिबरेटर आपल्याच खोलीवर, चाळीस मीटरच्या आसपास आहे. टल्सा शहरातल्या कारखान्यातून निघालेलं ते शेवटचं लिबरेटर. ते बनवणाऱ्या कामगारांनी त्याच्या अंगावर सह्या केल्या होत्या. १७ डिसेंबर १९४४ रोजी ते पाण्यावर उतरवावं लागलं, दहांपैकी तिघं गेले. वैमानिक यूजीन फोर्डचे अवशेष २०१७ च्या उत्खननात मिळाले. स्थानिक डायव्हरांनी ते विमान २०१० मध्ये शोधलं होतं. दरम्यानच्या सात वर्षांत प्रत्येकानं एकेक प्रसाद नेला असता तर?

माल्टातही तसंच. मे १९४३ मध्ये तिथे पडलेल्या लिबरेटरमधल्या एका सार्जंटची ओळख परवा परवा पटली. माल्टात अशा ठिकाणी उतरायला सरकारी वारसा खात्याची परवानगी लागते, आणि आपल्याकडचे काही जण त्यावरून कुरकुरतात, हे मी स्वतः ऐकलंय. मीही कुरकुरलोय.

कायद्याचं थोडक्यात. पडलेल्या लष्करी विमानांना हात लावायला ब्रिटननं १९८६ मध्येच बंदी केली. अमेरिकेचा २००४ चा कायदा सांगतो की त्यांचं लष्करी विमान कितीही वर्षं बुडालेलं असो, मालकी त्यांचीच. आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात वस्तू शंभर वर्षांची व्हावी लागते, म्हणजे महायुद्धातल्या वस्तूंना अजून अवकाश आहे. कायद्याच्या धाकानं कुणी हात आवरत असेल तर आवरो. पण माझं म्हणणं त्यावर टेकलेलं नाही. माझी आजी कोकणातली. मसणवट्यातून वाटेनं येताना काही उचलायचं नाही, पडलेलं फूलसुद्धा नाही, हे तिनं मला कुठलं कलम दाखवून शिकवलं नव्हतं.

आपल्याला ही गोष्ट खरं तर इतरांपेक्षा लवकर कळायला हवी. किनाऱ्यावरच्या घरांना विचारा. होडी परत आली नाही की घरात काय होतं? देह नाही म्हणून अग्नी नाही, अग्नी नाही म्हणून दहावं-तेरावं अडतं. शेवटी वर्षं लोटल्यावर गुरुजींना बोलावून पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्यालाच माणूस मानून जाळायचं. पालाशविधी. तो झाल्यावरही म्हातारी समुद्राकडे तोंड करून बसतेच.

आणि फार मागे जायलाही नको. २२ जुलै २०१६ रोजी हवाई दलाचं एएन-३२ हे वाहतूक विमान तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालं आणि बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. एकोणतीस जण. त्यांत आपल्या पुणे परिसरातला एक तरुण नेव्हिगेटर होता. ते युद्धविमान नव्हतं, युद्धही नव्हतं. साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडीनं काढलेल्या छायाचित्रांत त्याचे अवशेष ओळखू आले, चेन्नईपासून सुमारे तीनशे दहा किलोमीटरवर, चौतीसशे मीटर खोल. तिथे आपण कुणी जाणार नाही. पण समजा ते तीस मीटरवर असतं, आणि कुठल्या तरी परदेशी पाहुण्याच्या तळहातावर त्यातल्या एका जवानाच्या गणवेशाचं बटण आपल्याला फोटोत दिसलं असतं. खाली 'प्रसाद' लिहिलेलं. अंगठा दाखवला असता?

लिबरेटर आपल्याला परकंही नाही. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला मोडीत टाकलेली ही विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी जुळवून पुन्हा उडवली. १९५१ मध्ये पुण्यात सहा नंबरची स्क्वाड्रन त्यांच्यावर नव्यानं उभी राहिली, समुद्रावर पहारा द्यायला. १९६८ पर्यंत आपलं हवाई दल ती वापरत होतं. माझे वडील येरवड्यात वाढले, चार इंजिनांचा तो आवाज त्यांना अजून काढून दाखवता येतो. परवा मी त्यांना फोटो दाखवला, पंखाचा, काडतुसाचा नव्हे. ते म्हणाले, "हिच्या पोटात उभं राहता येत नाही रे, वाकून चालावं लागतं." त्यांना एकदा कुणी तरी आत चढवलं होतं. वाकूनसुद्धा डोकं आपटलं म्हणाले. 'हेवन कॅन वेट'च्या तसल्याच पोटात अकरा माणसं होती.

हे पत्र आत्ताच का, तेही सांगतो. निवती रॉकजवळ नौदलाचं निवृत्त जहाज 'गुलदार' तळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना सरकारनं हाती घेतली आहे. मला तिचा आनंद आहे, सिंधुदुर्गातल्या पोरांना काम मिळेल. गुलदार धुऊन-पुसून, तेल काढून, रिकामी खाली जायची. तिच्यासोबत कुणी बुडायचं नाही. खुशाल आत शिरा, जिन्यावर बसा, फोटो काढा. माझी भीती वेगळी आहे. आपल्या शेकडो नवख्यांची बुडालेल्या जहाजाशी पहिली गाठ तिथे पडणार, आणि हातांना जी सवय तिथे लागेल तीच घेऊन ते पुढे श्रीलंकेला, फिलिपिन्सला, पापुआला जाणार. तिथली जहाजं नि विमानं रिकामी बुडालेली नाहीत.

म्हणून डायव्हिंगवाल्यांना माझी मागणी ब्रीफिंगपुरतीच आहे. लायनफिशच्या आधी एक वाक्य घाला : या अवशेषात इतकी माणसं होती, त्यांतली इतकी परत आली नाहीत. माहीत नसेल तर माहीत करून घ्या. गिऱ्हाइकाकडून पैसे घेता त्यात तेवढं बसतं. आत कॉकपिटमध्ये बसवून फोटो काढून देणं बंद करा. फोटोसाठी वस्तू गोळा करून वाळूवर मांडून ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती इथे आणू नका. क्लबवाल्यांनी परदेशी सहल ठरवताना दुकानाला हाच प्रश्न विचारावा. उत्तर देताना दुकानदार हसला, तर दुसरं दुकान बघावं.

मालवणच्या मच्छीमार दादांनाही एक सांगणं आहे. "थंय जाळा टाकू नको, अडाकता" असं सांगून बाप पोराला ज्या जागा दाखवतो, त्यांतली बरीचशी खडपं असतील. पण एखादी नसेल. नांगराला कधी अॅल्युमिनियमचा पत्रा, नंबर ठोकलेली पट्टी लागून आली तर भंगारवाल्याकडे नेण्याआधी तिचा फोटो काढा आणि होडीच्या जीपीएसमधला आकडा लिहून ठेवा, बंदरखात्याला कळवा. हॉलंडच्या त्या सात जणांचा पत्ता नांगरानंच लावला.

आणि तू, ज्याचा तो तळहात. तुझ्यावर रागावायला मी कोण? ग्रुपवर मी अंगठा काढून घेतलाय, पण त्यानं काही होत नाही. काडतूस घासूनपुसून चकाचक करू नकोस. नेऊन पुन्हा समुद्रात टाकायचा विचारही करू नकोस, भलत्या जागी पडलं तर खोट्याचा आणखी एक थर बसेल. ते झाडलेलं आहे की नाही, हे आधी पोलिसांना दाखवून खात्री करून घे. तुझी मुलगी त्याच खोलीत झोपते. मग एका कागदावर आठवेल ते सगळं लिही : पंख डावा की उजवा, मुळापासून किती हात, वाळू किती उकरलीस. माझ्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये नोंद अजून आहे, उतरल्यापासून चौदाव्या मिनिटाला एकतीस मीटर. फोटोतही कोपऱ्यात इंजिनाचं झाकण दिसतंय, त्यावरून दिशा काढता येईल. हे सगळं एकत्र करून, ज्या देशाचं ते विमान आहे त्यांच्या बेपत्ता सैनिकांच्या कार्यालयाला पाठवू. पत्र मी लिहितो, सही दोघांची.

रविवारी सकाळी घरी असशील तर येतो.

तुझा बडी,
आणि तुम्हा सगळ्यांचा,
एक पाणबुड्या